निऱ्यांना पदर म्हणणारी माणसं

मेंदूमावशींनी चष्मा काढला की समोरच्याने गप्प बसावं, एवढं आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना कळत होतं. इतर माणसं नीट बघायचं असलं की चष्मा लावतात, मावशी काढायच्या. त्यांची लांबची नजर अधू होती. जवळचं मात्र उघड्या डोळ्यांनी असं दिसायचं की आमच्या महागड्या मायक्रोस्कोपांनी मान खाली घालावी. मेंदूच्या कापाची काचपट्टी उजेडासमोर धरायची, नाकापासून चार बोटांवर आणायची आणि म्हणायचं, "हा सशाचा आहे. उंदरांच्या डब्यात कुणी ठेवला?" तो सशाचाच निघायचा. "लांबची माणसं ओळखायला लागतो मला चष्मा," त्या म्हणायच्या, "जवळची तशीच दिसतात." मी त्यांच्या जवळची होते. मी कशी दिसले असेन त्यांना, या विचाराने अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हे लिहायला बसले आहे तीही त्या रागातच.

मावशी नागपूरच्या. तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या, नवरा लवकर गेला, आणि मुलाला वाढवायला म्हणून सिॲटलजवळच्या बॉथेलमध्ये आमच्या कंपनीत टेक्निशियन म्हणून लागल्या. मेंदूचे पातळ काप करायचे, ते काचपट्टीवर चढवायचे, जांभळ्या रंगात बुडवून पेशी दिसतील असे करायचे, हे त्यांचं काम. उंदीर, घूस, ससा, मेंढी, डुक्कर, माकड – इतक्या जातींचे मेंदू हाताखालून गेलेली दुसरी व्यक्ती आमच्या इमारतीत नव्हती. पण डॉक्टरेट नव्हती. त्यामुळे पगारपत्रकापासून कॉफीच्या रांगेपर्यंत त्या टेक्निशियनच राहिल्या. मी पुण्याची, सॉफ्टवेअरवाली, वर्क व्हिसावर आलेली. त्यांनी केलेल्या कापांचे फोटो कॉम्प्युटरवर जोडून मेंदूचे नकाशे करायचे, हे माझं काम.

आमची पहिली भेट मात्र लॅबमधली नाही, मराठी मंडळाच्या पॉटलकमधली, जिथे प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा. त्या पाटवडी रस्सा घेऊन आल्या होत्या. मी नवीन होते, ओळख वाढवायची म्हणून अगदी सहज विचारलं, "मावशी, तुमचं आडनाव काय?" त्यांनी चष्मा काढला. "काऊन गं? आडनाव कळलं की रस्स्याची चव बदलेल का?" मी हसले, बाजूच्या दोघी हसल्या नाहीत. नंतर पाहिलं, तर त्या दोघींच्या ताटात पाटवडी नव्हती. एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, दिवसभर उंदीर कापतात त्या हातांनी. मला नाही बाई जमत." उंदीर माझा नवराही कापत होता, दुसऱ्या एका लॅबमध्ये. त्याने केलेली पावभाजी याच बाईंनी त्याच दुपारी दोनदा वाढून घेतली होती. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही ते तोंडावर म्हणत नव्हतं. मावशींचं आडनाव त्यांना आधीच कळलेलं होतं. मेंदूमावशी हे नावसुद्धा तिथलंच, अर्धं कौतुकाचं नि अर्धं नाक मुरडून ठेवलेलं. त्यांनी ते बिनतक्रार घेतलं. "निदान कामावरून पडलंय," म्हणायच्या.

त्यांची एक सवय लॅबमधल्या गोऱ्या पोरांना चमत्कारिक वाटायची. यंत्राचं पातं फिरवण्याआधी त्या समोरच्या मेंदूचा नंबर मोठ्याने म्हणत. आमच्याकडच्या जनावरांना नावं नसतात. कानाला टॅग असतो किंवा पिंजऱ्यावर कार्ड, त्यावर नंबर. मावशी तो मराठीत म्हणायच्या. "दोनशे सतरा." मग एक श्वास, मग पातं. घाई असली तरी, साहेब मागे उभे असले तरी. मी एकदा विचारलं, "मावशी, ही प्रार्थना आहे का?" त्या म्हणाल्या, "छे गं. आपण त्याचा जीव घेतला आणि नावही दिलं नाही. नंबर तरी कुणी तोंडाने घ्यावा." बुद्धपौर्णिमेला त्या लॅबच्या सगळ्यांसाठी खीर आणायच्या. त्या दिवशी यंत्राला सुट्टी. मॅनेजर कुरकुरायचे, मावशी वर्षातली एक रजा त्यावर टाकायच्या आणि तरीही खीर द्यायला यायच्या.

मला मेंदू वाचायला त्यांनीच शिकवलं. सॉफ्टवेअरवाल्यांना ते यावं लागत नाही, आम्हाला नावांची यादी दिली की पुरतं. मावशींना ते चालायचं नाही. "आधी बघ, मग बोल" हे त्यांचं एक वाक्य, आणि "नाव नको विचारू, पेशी बघ" हे दुसरं. दोन अर्धगोल जोडणारा एक जाड पूल मेंदूच्या मध्यभागी असतो, आणि त्या पुलावरून वळसा घालून जाणारा एक पट्टा असतो. लॅटिनमध्ये त्याचं नाव कमरपट्ट्यावरून पडलंय, सिंग्युलेट. मावशी त्याला करदोटा म्हणायच्या. "सगळ्या सस्तन प्राण्यांना हा करदोटा आहे," त्यांनी मला स्टुलावर बसवून सांगितलं होतं. "पण सारखा नाही. माणसाचा पुढचा भाग वेगळा, मधला वेगळा, मागचा वेगळा. उंदराला मागचा तो भाग नाहीच. नाही त्याला नाही म्हणायला काय लाज?" माणसाच्या मागच्या भागात पेशींचा एक बारीक दाणेदार थर दिसतो. उंदराच्या करदोट्यात तो कितीही शोधला तरी सापडत नाही. माझ्याकडून त्यांनी तो तासभर शोधवून घेतला, फक्त तो नाही हे मला माझ्या डोळ्यांनी दिसावं म्हणून. तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं, त्या बाईंनी माझ्यावर घालवलेला तो तास मी मातीत घातला.

आमची कंपनी एक बारीक तार बनवत होती. जुनाट वेदनेने हैराण झालेल्या माणसाच्या मेंदूत ती बसवायची, हलका विद्युतप्रवाह द्यायचा, आणि वेदनेची दहशत कमी करायची, असा बेत. उंदरांमध्ये ते छान जमलं होतं. आता पुढची पायरी माकडं, आणि मग माणसं. उंदराच्या मेंदूत तार ज्या जागी बसवली, तीच जागा माकडाच्या मेंदूत शोधायची, आणि ते शोधायचं काम माझ्या नकाशाचं. माउसने उंदराच्या जागेवर टिचकी मारली की सॉफ्टवेअर तिचं नाव सांगणार, आणि त्याच नावाची माकडातली जागा उजळून दाखवणार. मला त्याचा फार अभिमान होता. डेमोला टाळ्या पडल्या होत्या.

त्या नकाशाच्या पोटात एक टेबल, म्हणजे नावांचा तक्ता, होतं. एक नाव, एक आकडा, सगळ्या जातींना एकच. उंदराच्या जुन्या नकाशात हा करदोटा वरचा आणि खालचा अशा दोन भागांत वाटलेला होता. माकडाच्या आणि माणसाच्या नकाशात पुढचा आणि मधला अशा भागांत. यादी फार लांब होतेय म्हणून एका दुपारी मी उंदराचे वरचा नि खालचा असे दोन्ही भाग एकत्र केले आणि त्यांना सरळ 'अँटिरिअर सिंग्युलेट' म्हणजे पुढचा भाग असं नाव दिलं. ते नाव सगळेच वापरत होते. माझ्यासारख्या माणसाला ड्रॉपडाउनची यादी आखूड झाल्याचा जो आनंद होतो, तो मला झाला, आणि मी घरी गेले.

मावशींनी उंदरांचे काप पाहिले तेव्हा त्यांच्या ते लक्षात आलं. मला बोलावलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "साडी नेसतेस का कधी?"

"मंडळाच्या फंक्शनला."

"साडी लांबीच्या दिशेने फाडली, वरची पट्टी नि खालची पट्टी अशी, तर पदर कुठल्या पट्टीत जाईल?"

"दोन्हीत."

"आणि निऱ्यांची जागा?"

"तीही दोन्हीत."

"मग तू दोन्ही पट्ट्या जोडल्यास आणि अख्ख्या साडीला पदर म्हणालीस. आता ही तार बघ. उंदरात ती कुठे बसलीय? निऱ्यांत. मधल्या भागात. आणि माकडात तुझा कॉम्प्युटर ती कुठे बसवतोय? पदरात. पार पुढे." त्यांनी मला एकामागून एक सहा काचपट्ट्या दाखवल्या. पुढून मागे जाताना थरांची जाडी कुठे बदलते, पेशींची ठेवण कुठून वेगळी होते, ते पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. मी पाहिलं. अगदी स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "बाप रे, मावशी." त्या म्हणाल्या, "बाप रे नको. उद्याच्या मीटिंगमध्ये बोलू. तू सोबत आहेस न?" मी हो म्हटलं. यात शंका ठेवायला जागा नको म्हणून पुन्हा लिहिते. मी हो म्हटलं.

आमचा डायरेक्टर विवेक, आपल्याच मंडळाचा. गणपतीत आरतीला सगळ्यात खड्या आवाजात असतो. मावशींना तो सर्वांसमोर मावशी म्हणायचा, वाकून नमस्कार करायचा आणि मीटिंगमध्ये त्यांची खुर्ची दाराजवळ असायची. त्या दिवशी मावशींनी दोन स्लाइड दाखवल्या, साडी वगैरे काही न बोलता, साध्या शब्दांत. जागा चुकतेय, माकडांना तार बसवण्याआधी टेबल सुधारा, दोन आठवड्यांचं काम आहे, एवढंच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

विवेक हसत म्हणाला, "मावशी, ऑल रिस्पेक्ट. पण सगळं जग ह्या एरियाला अँटिरिअर म्हणतं. आपण आत्ता नाव चेंज केलं तर इन्व्हेस्टर विचारतील, आधीचं सगळं राँग होतं का? सर्जरीच्या डेट्स फिक्स आहेत."

"नाव जग काहीही म्हणू दे. पेशी काय म्हणतात ते बघ न. स्लाइड समोर आहे."

"मी न्यूरोसायन्सला पीएचडी केलंय, मावशी. रिजनची नावं ठरवणं हे टेक्निशियनचं काम नाही, हो ना?" हे म्हणताना तो इतक्या प्रेमळपणे हसत होता की टेबलाभोवतीचे दोघे-तिघेही हसले. मग तो माझ्याकडे वळला. "मॅप तू केलायस. तू सांग. टेबल स्टँडर्डप्रमाणे आहे ना?"

माझं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर घर आवरून परत. मुलीची शाळा, नवऱ्याचं कामाचं परमिटही माझ्या व्हिसावर. हे सगळं खरं आहे, आणि या सगळ्याचा आज मला वीट आलाय. मी म्हटलं, "हो, टेबल स्टँडर्ड नावांप्रमाणेच आहे." वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायची हीच सगळ्यात नीच पद्धत. विवेक म्हणाला, "देअर यू गो," आणि पुढचा मुद्दा घेतला.

मावशींनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी आत्ता कुठे पोहोचले होते ते मला कळलं. लांब.

दुसऱ्या दिवशी मी कारणांची यादी तयार करून त्यांच्या बाकाशी गेले. त्या ब्रशने पाण्यावर तरंगणारे काप उचलत होत्या, दुधावरची साय उचलावी तसे. त्यांनी मान वर केली नाही. "तू बघितलं होतंस," एवढंच म्हणाल्या. मी माझी यादी घेऊन परत आले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी निदान भांडले असते. शब्द वाया घालवायची त्यांना सवय नव्हती.

पाच माकडांना तारा बसवल्या. माझ्या नकाशाने सांगितलेल्या जागी, अगदी अचूक. सर्जन फार कुशल होता. प्रवाह सुरू झाला आणि काही आठवड्यांत त्यांची वेदनेची दहशत कमी झाली नाहीच, उलट ती खाईनाशी झाली. दोघं स्वतःच्या दंडावरचे केस उपटत बसायची. एक पाठ करून भिंतीकडे बघत राहायचं, दिवसचे दिवस. जिवंत जनावरांच्या खोलीत जाणं मावशींच्या कामात बसत नव्हतं, पण त्या रोज जेवणाच्या सुट्टीत दाराच्या काचेतून बघायला जायच्या. चष्मा लावून. मी एकदाच गेले. विवेक त्या दाराकडे कधी फिरकल्याचं मी पाहिलं नाही. शेवटी प्रयोग थांबवला आणि पाचही माकडांना 'शांत केलं'. आमच्याकडे मारलं म्हणत नाहीत. नावं ठरवण्यात आम्ही असे हुशार.

मग तार नेमकी कुठे होती ते बघायला मेंदूंचे काप करणं आलं. एवढ्या मोठ्या मेंदूचे एकही काप न फाटता करणारं इमारतीत एकच माणूस होतं. मला वाटलं, मावशी नकार देतील, आणि मनातून मला ते हवंही होतं, म्हणजे निदान कुणीतरी ओरडलं असतं. त्यांनी नकार दिला नाही. मी न राहवून विचारलं, "का करताय?"

"दुसऱ्या कुणी वाईट कापले, तर त्यांचं म्हणणं मेल्यावरही कुणाला कळणार नाही."

मी दाराशी उभी होते. त्यांनी पहिला मेंदू बर्फासारख्या थंड बैठकीवर ठेवला, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "एकतीस." श्वास घेतला. पातं फिरलं. त्या आठवड्यात तोच आवाज मी आणखी चारदा ऐकला. चौतीस. पस्तीस. चाळीस. त्रेचाळीस. शेवटच्याला त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो नंबर पुन्हा, नीट म्हटला.

काप सुरेख झाले होते. तार पदरात होती, पाचही जणांत, आंधळ्यालाही दिसावी अशी. मावशींनी प्रत्येक काचपट्टीच्या कडेला पेन्सिलीने त्या जागेचं खरं नाव लिहिलं, उंदरांच्या जुन्या पेटीतही लिहिलं. मग स्कॅनिंगवाल्यांनी त्यावर बारकोडचे स्टिकर चिकटवले. अहवालात विवेकने लिहिलं की माकडांचा प्रतिसाद उंदरांपेक्षा वेगळा असून हा दोन जातींमधला फरक आहे. म्हणजे चूक आमची नव्हती, माकडांनी माकड असायला नको होतं. तो अहवाल मी वाचला, माझं नाव त्याच्यावर होतं, आणि मी तेही काढायला सांगितलं नाही.

मावशींनी जनावरांच्या देखरेखीच्या समितीला एक पत्र लिहिलं. दीड पानाचं, तारखांसह, फोटोंसह. मीटिंगमध्ये कोण काय बोललं तेही होतं. माझं वाक्य जसंच्या तसं होतं, वर किंवा खाली एक विशेषण नाही. समितीने पत्र मिळाल्याचं कळवलं. तीन आठवड्यांनी कंपनीने टेक्निशियनची ती पोझिशनच बंद केली. माणसाला काढलं म्हणत नाहीत, पोझिशन एलिमिनेट करतात. निरोपाला विवेकने केक मागवला होता. मावशींनी तो कापला नाही. "आज पातं माझ्या हातात नको," एवढं म्हणून त्यांनी आपला ब्रश आणि डबा उचलला आणि मुलाकडे ॲरिझोनात, चँडलरला निघून गेल्या.

वर्षभराने बाहेरच्या एका तज्ज्ञाने आमचे उंदरांचे फोटो बघून हीच शंका काढली. त्याला डॉक्टरेट होती. मग काय, विवेकने सगळ्यांना ईमेल पाठवला की आपण नामावली मॉडर्न करतोय. मी ते टेबल फोडलं, जातवार वेगळं केलं, पुढचा, मधला, जिथे जे आहे ते, आणि जिथे नाही तिथे नाही. दोन आठवडे लागले. मावशींनी सांगितले होते तेवढेच. नव्या आवृत्तीच्या रिलीज नोटमध्ये मी त्यांचं नाव घातलं. विवेकने ते काढलं. "आपण कुणाचीच नावं घालत नाही यार, पॉलिसी आहे." मी पुन्हा घातलं नाही. इतकं सगळं होऊनही नाही.

पण विमानाचं तिकीट काढलं आणि चँडलरला गेले. मुलाचं, निखिलचं घर; तो तिथे चिप बनवायच्या कंपनीत इंजिनिअर आहे. अंगणात गवताऐवजी खडी, दुपारचं ऊन असं की दाराच्या कडीला हात लावू नये. मावशी वाळल्या होत्या. आजार होता, ते मला दार उघडताच समजलं, आणि त्यांनी मला काही विचारू दिलं नाही. पाटवडी केली होती. मी जेवता जेवता लॅपटॉप उघडला आणि नवीन नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, स्क्रीन नाकाशी नेली आणि बराच वेळ, एकेक जात उघडून, सगळं बघितलं. उंदराचा मागचा भाग शोधला. नाही हे पाहून मान हलवली.

"बरोबर केलंयस," म्हणाल्या.

मला रडू यायला लागलं. मला वाटलं, सुटले.

"आणि ती पाच?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मावशी, सॉरी. मी तेव्हा..."

"मला सॉरी म्हणून काय होणार? माझी नोकरी गेली, ते जाऊ दे. मी त्या पाचांचं विचारतेय. कुणी काही लिहिलं? कुठे बोललीस?"

नव्हतं लिहिलं. नव्हते बोलले. त्यांनी लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला आणि वाटीत आणखी रस्सा घातला. निघताना दारापर्यंत आल्या, मुलीसाठी डबा दिला, पोचलीस की फोन कर म्हणाल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. माफ करायचा हक्क ज्यांचा होता ते जिवंत नव्हते, हे मला विमानात बसल्यावर उमगलं.

या वसंतात मावशी गेल्या. मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून जोडलेल्या हातांच्या इमोजींच्या रांगा लागल्या. पॉटलकमधल्या त्या दोघींपैकी एकीने लिहिलं, 'त्यांच्या हातची पाटवडी कधीच विसरणार नाही.' चाखली नव्हती, विसरणार काय? रविवारी सकाळी झूमवर आदरांजली ठेवली. निखिलने चँडलरहून त्रिसरण-पंचशील म्हटलं, आणि ते संपताच विवेकने बोलायला घेतलं. मावशी त्याच्या मार्गदर्शक होत्या म्हणे. "ॲक्युरसी काय असते, ते आम्ही त्यांच्याकडून शिकलो. एकेका नावासाठी त्या आग्रही असायच्या, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना त्यासाठी नेहमी सपोर्ट केलं." लोकांनी अंगठे, हृदयं टाकली.

माझं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते, मुलगी ओट्याशी सीरियल खात होती. मी माइक उघडला.

"विवेक, त्या मीटिंगमध्ये मी खोटं बोलले होते," मी म्हटलं. "मावशींनी मला आदल्या दिवशी सगळं दाखवलं होतं. जागा चुकतेय हे मला माहीत होतं आणि त्यांनी तुलाही सांगितलं होतं. तू त्यांना टेक्निशियन म्हणालास, मी तुझी री ओढली, आणि आपण दोघांनी मिळून पाच माकडं मारली. शांत केली नाहीत, मारली. मावशींनी त्यांचे नंबर मोठ्याने घेतले होते. आज त्या नाहीत, म्हणून मी घेते." विवेक "प्लीज, धिस इज नॉट द..." असं काही म्हणत होता. मी श्वास घेतला आणि सुरू केलं. "एकतीस. चौतीस. पस्तीस."

तेवढ्यात होस्टने मला म्यूट केलं. स्क्रीनवर माझ्या नावापुढे माइकवर लाल रेघ आली आणि कुणीतरी घाईघाईने मावशींच्या फोटोंचा स्लाइडशो लावला.

"मॉम, हू आर यू टॉकिंग टू?" मुलीने विचारलं.

उरलेले दोन मी तिच्यासमोर, ओट्याशी उभी राहून मोठ्याने म्हटले. चाळीस. त्रेचाळीस. तिने चमचा खाली ठेवला होता.